लायनर बदलताय? या चुका टाळा

इंजिनची ताकद वाढवायला येणारे लोक फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन, मोठा टर्बो सगळं मनासारखं घेतात आणि लायनरचं, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या सिलिंडरच्या आतल्या नळीचं, विचारलं की म्हणतात, "मशीनवाल्याकडे असेल तो बसवा." म्हणून ब्लॉक (इंजिनचा मुख्य सांगाडा) हातात घेण्याआधी मी विचारतो, लायनर कुठला आणि बसवणार कोण.

सगळ्यात महाग पडते ती अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये कॉलर (वरच्या टोकाची जाड कड) नसलेला लायनर ठोकण्याची चूक. जुन्या होंडा सिटी व्हीटेकचा ब्लॉक बघा. तो ओपन डेक आहे, म्हणजे वरच्या टोकाला सिलिंडरभोवती पाणीच, आधार नाही. ८० मिमीचं भोक ८० अंशांनी तापलं की अ‍ॅल्युमिनियम साधारण ०.१५ मिमी फुगतं, बीड त्याच्या निम्मं. लायनर स्वतः जास्त तापतो म्हणून थोडं भरून निघतं, पण पकड ढिली होतेच.

असाच ब्लॉक एक मुलगा घेऊन आला. लायनर दुसरीकडे बसवलेले. "काका, हेड गॅस्केट तिसऱ्यांदा गेलं." हे म्हणजे ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं सील. डिपस्टिक ओढली, तर ऑइल दुधाच्या चहासारखं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. हेड उतरवून डेकवर, म्हणजे ब्लॉकच्या वरच्या सपाट तोंडावर, सरळपट्टी धरली. तिसऱ्या सिलिंडरवर फीलर गेजची (फट मोजायच्या पात्यांची) ०.०८ मिमीची पात पट्टीखालून आरपार गेली. लायनर खाली सरकला होता. पोराने तीन गॅस्केटं बदलली, पण माप एकदाही घेतलं नव्हतं. फार वाईट वाटलं, कारण पट्टी धरायला पाच मिनिटं लागतात.

मी डक्टाइल आयर्नचा कॉलरवालाच लायनर घेतो आणि कॉलर टेकायला ब्लॉकमध्ये खांदा कापून घेतो. लायनर रात्रभर फ्रीजरमध्ये, ब्लॉक ओव्हनमध्ये. मग तो हाताने घसरत खाली जातो. हातोडा उचलावासा वाटला की थांबायचं आणि माप परत घ्यायचं. सगळं थंड झालं की डेक फेसिंग (वरचं तोंड सपाट करणं), बोअरिंग (भोक मापात कापणं) त्यानंतरच.

होनिंग, म्हणजे बोअर दगडाने घासून शेवटच्या मापात आणणं, टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावूनच करा. हेडचे बोल्ट आवळले की बोअर गोल राहत नाही. जवळ प्लेट नसेल तर ब्लॉक दुसऱ्या गावी पाठवा. आठ दिवस गेले तर जाऊ देत. घाईत जोडलेलं इंजिन ऑइल पितं आणि मग रिंगच्या नावाने ओरड होते.

निकासिलच्या (निकेलच्या कडक थराच्या) बोअरला साधा होनिंगचा दगड लावू नका, तिथे डायमंडच हवा. होंडा एच२२ इंजिनचे बोअर फायबरमिश्रित अ‍ॅल्युमिनियमचे, त्यात मिळेल तो फोर्ज्ड पिस्टन घालायचा नाही. सीसी वाढवण्यासाठी सिलिंडरची भिंत पातळ करत नेऊ नका. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरचा फायनल साइज काढू नका.

होनिंगनंतर नुसतं पेट्रोलने पुसून जोडणाऱ्यांवर मात्र मी खरंच चिडतो. दगडाची भुकटी त्याने निघत नाही. गरम पाणी, साबण, ब्रश. मग स्वच्छ ऑइलमध्ये बुडवलेलं पांढरं फडकं बोअरमधून फिरवा. राखाडी डाग दिसला तर पुन्हा धुवा.