इगतपुरीला दहा दिवस गप्प बसायला जायचंय? मग आधी गुडघ्यांचं बघा

विपश्यनेला, म्हणजे दहा दिवसांच्या मौन ध्यानशिबिराला, जायचं म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, दहा दिवस न बोलता राहायचं कसं रे बाबा? खरं सांगू, बोलणं बंद होणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे, दुसऱ्या दिवसापासून तर बरंच वाटायला लागतं की कोणी आपल्याला काय करता, कुठे राहता, मुलगा कितवीला विचारणार नाहीये आणि आपल्यालाही उगाच हसून दाखवायचं नाहीये. अवघड जातं ते न हलता बसणं. त्याची तयारी मात्र कोणीच करून येत नाही, मी पण केली नव्हती आणि चौथ्या दिवशी त्याची किंमत मोजली.

आधी फॉर्म. तो ऑनलाइन भरायचा. इगतपुरीचं धम्मगिरी हे केंद्र १९७६ पासूनचं आणि खूप मोठं, पण जागा मिळाली नाही तर पुणे, नाशिक, कोल्हापूर इथंही केंद्रं आहेत, शिबिर तेच आणि वेळापत्रकही तेच. फी नाही. शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच दान घेतात, ते पण शेवटी आणि इच्छा असेल तर. फॉर्ममधे तब्येतीचे प्रश्न असतात, मानसिक आजार, चालू गोळ्या वगैरे, तिथं काही लपवू नका. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. दिवसाला दहा तास स्वतःच्याच डोक्यात बसणं सगळ्यांना प्रत्येक वेळी झेपेल असं नाही.

आता तयारी, निदान पंधरा दिवस आधीपासून. रात्रीचं जेवण डायनिंग टेबल सोडून जमिनीवर मांडी घालून करा, जेवण झाल्यावरही दहा मिनिटं तसेच बसा. आपल्याकडे आजी-आजोबा सहज तासभर पाटावर बसायचे, आपल्याला वीस मिनिटांत मुंग्या येतात. गुडघ्याचा खरोखर त्रास असेल तर आधीच कळवा, खुर्ची मिळते आणि त्यात कमीपणा काही नाही. दुसरं म्हणजे चहा. दिवसाला सहा कप पिणारे असाल तर दोनवर या, कारण तिथं तो सकाळी नाश्त्याला आणि संध्याकाळी पाचला मिळतो, मधे टपरी नाही. पहिल्या दोन दिवसांत डोकं ठणकतं ते बऱ्याचदा चहामुळे आणि लोकांना वाटतं ध्यान चढलं!

बॅगेत सैल कपडे, शाल, टॉर्च, पटकन काढता-घालता येणारी चप्पल आणि साधं अलार्मचं घड्याळ, कारण मोबाईल पहिल्याच दिवशी जमा होतो. पावसाळ्यात जाणार असाल तर छत्री आणि कपड्यांचे दोन जोड जास्त, इगतपुरीचा पाऊस काय असतो ते कसारा घाट चढलेल्यांना सांगायला नको. वही, पुस्तक, जपमाळ काही चालत नाही. लाईट बिल, हप्ते आधी भरून टाका आणि केंद्राचा नंबर घरी देऊन ठेवा, नाहीतर डोळे मिटले की तेच आठवत बसतं.

आणि एक, कशासाठी जाताय ते जरा सैल धरा. हे शिबिर भारतात आणणारे सत्यनारायण गोएंका मूळचे ब्रह्मदेशातले व्यापारी, भयंकर अर्धशिशी होती, ती बरी व्हावी म्हणून १९५५ मधे ते विपश्यना शिकवणाऱ्या ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे ऊ बा खिन सरकारी हिशेब खात्यातले मोठे अधिकारी. त्यांनी सुरुवातीला नकारच दिला, नुसती डोकेदुखी घालवायला ही विद्या नाही म्हणून. पुढे १९६९ ला गोएंका भारतात आले आणि इथं शिबिरं सुरू झाली. सांगायचं कारण असं की 'मला शांती पाहिजे' म्हणून बसलं की दर पाच मिनिटांनी आली का, आली का असं बघणं सुरू होतं. झाडाला पाणी घालून रोज मूळ उपटून बघण्यातला प्रकार.

तिथं गेल्यावर वेळापत्रक असं की पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, पाचला चहा आणि थोडं खाणं, संध्याकाळी सातला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. जेवण साधं आणि शाकाहारी. रात्री जेवण नाही ही भीती दोन दिवसांत जाते.

पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास बघायचा. आपण मुद्दाम श्वास घ्यायचा नाही, मोजायचा नाही, नामस्मरण जोडायचं नाही, आपोआप येतोय-जातोय तो नाकाशी बघत राहायचं. ऐकायला बालवाडीचं काम वाटतं, पण दोन श्वास झाले की मन ऑफिसात, तिसऱ्याला दहा वर्षांपूर्वीच्या भांडणात, तेव्हा सुचलं नव्हतं ते उत्तर आता अगदी फर्मास सुचतं. चिडू नका. लक्षात आलं की परत नाकाशी या, दिवसातून हजार वेळा यावं लागलं तरी या.

चौथ्या दिवशी खरी विपश्यना सुरू होते, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत शरीरात काय जाणवतंय ते क्रमाने बघायचं, आणि मग रोज तीनदा एकेक तासाचं अधिष्ठान. त्या तासात हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. इथं गुडघा बोलायला लागतो. माझं पहिल्यांदा पंचवीस मिनिटांत अवसान गळालं, पाय सरळ केला आणि मग उरलेला वेळ शेजारचा हललाय का याचा अंदाज घेत बसलो. नंतर हळूहळू कळलं की 'दुखतंय' हा एकच सलग दगड नसतो. त्यात आधी गरम होतं, मग टोचतं, मग ठोका पडल्यासारखं होतं, मधेच दोन सेकंद काहीच नसतं, आणि तसं सुटं सुटं बघत गेलं की दुखणं राहतं पण आपली घाबरगुंडी कमी होते. राग आला तरी तो छातीत, कानशिलात असाच येतो-जातो, हे तिथंच पहिल्यांदा कळलं. अर्थात सांधा खरंच बिघडलेला असेल तर हट्ट नको, दुपारी बाराला आचार्यांना भेटता येतं, तिथं विचारा.

दुसरा आणि सहावा दिवस जड जातो असं जुने साधक सांगतात, माझा सहावा जड गेला. बॅग भरावीशी वाटली तर त्या दिवशी भरू नका, रात्रीचं प्रवचन ऐका, झोपा आणि सकाळी बघा.

दहाव्या दिवशी मौन सुटतं आणि एकदम लग्नाच्या पंगतीसारखा कलकलाट होतो, स्वतःचाच आवाज परका वाटतो. अकराव्या दिवशी सकाळी निघायचं. फोन मिळाला तरी गाडी कसारा उतरेपर्यंत बंद ठेवा. घरी जाऊन लगेच बायकोला किंवा आईला समता (मन ढळू न देणं), अनित्यता (सगळं बदलत राहतं) शिकवायला जाऊ नका, त्यांनी दहा दिवस तुमच्याशिवाय सगळं सांभाळलंय.

पुढे घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं सांगतात. मला सकाळचाच जमतो, तो पण पाणी यायच्या आधी, कारण पावणेसहाला नळ आला की बादल्यांचा आवाज सुरू होतो आणि मला उठावंच लागतं.