युवा कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण : या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातील एका गावात आम्ही युवा कार्यकर्त्यांसाठी, म्हणजे तरुणांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी, तीन दिवसांचे शिबिर घेतले. शाळा सुटलेल्या आणि हाताला नियमित काम नसलेल्या तरुणांना गावाच्या पाणी, माती आणि कचऱ्याच्या कामात कसे सामील करून घ्यावे, हा शिबिराचा विषय होता. दुसऱ्या दिवशी सरावासाठी गावात गेलेले कार्यकर्ते तासाभरातच परतले. महिना डिसेंबरचा होता आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता ती मुले मुकादमाची उचल घेऊन, टोळीबरोबर, दिवाळीनंतरच ऊसतोडीला गेली होती. अहवालात मात्र ‘तरुणांचा प्रतिसाद अल्प’ असे वाक्य पडले, आणि ते लिहिणाऱ्यांत मीही होतो.

शिबिराची तारीख निधीच्या वर्षाप्रमाणे ठरवणे, ही या क्षेत्रातील सर्वांत महागडी चूक आहे. कार्यकर्त्याला पहिल्या दिवशी व्याख्यान ऐकवण्याऐवजी गावाच्या बारा महिन्यांचा तक्ता काढायला लावावा : कोण कधी गावाबाहेर जाते, कारखान्याचा पट्टा कधी पडतो म्हणजे गाळप हंगाम कधी संपतो, लग्नसराई आणि पेरणी कधी असते. पाणी फाउंडेशनची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा 2016 साली वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली, तेव्हा श्रमदानाचा काळ उन्हाळ्याचा होता. पावसाआधी चर खणायचे म्हणून तो उन्हाळा. पण तोडीवरून परतलेले हातही त्याच दिवसांत गावात असतात, हे विसरू नये. शहरातील वस्तीत हाच तक्ता दिवसाच्या चोवीस तासांचा करावा लागतो, कारण घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या मुलाला दुपारी चारला सवड असते, संध्याकाळी सातला मुळीच नाही.

दुसरी चूक आशयाची आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेली शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टे भिंतीवर लावून ती क्रमाने पाठ करून घेण्यात आपले अर्धे शिबिर जाते, आणि मग कार्यकर्ता गावच्या पारावर जाऊन तीच यादी आठवी-नववीत शाळा सुटलेल्या मुलासमोर म्हणतो. ज्या वर्गातून तो मुलगा बाहेर पडला, तोच वर्ग आपण पुन्हा त्याच्यापुढे उभा करतो. त्याच्या हाताला काय येते, हे आधी पाहावे.

याचा धडा मला एका माळरानावर मिळाला. समतल चर, म्हणजे उताराला आडवे आणि एकाच पातळीत जाणारे चर, आखण्यासाठी आम्ही ए-फ्रेम बनवली होती : सारख्या लांबीचे दोन बांबू, मध्ये एक आडवी पट्टी आणि शेंड्याला दोरीने टांगलेला दगड. दोरी पट्टीला जिथे लागली तिथे प्रशिक्षकाने खूण केली आणि आखणीला सुरुवातही केली. गवंड्याच्या हाताखाली काम केलेला, तोवर झाडाखाली मोबाइल बघत बसलेला एक मुलगा तिथूनच म्हणाला, “सर, पाय उलटे करून बघा की.” त्याचे बरोबर होते. दोन्ही पायांच्या जागा अदलाबदल करून दुसरी खूण घ्यावी लागते आणि त्या दोन खुणांच्या मधोमध समतलाची खरी खूण येते. ती चुकली तर चर उताराकडे सरकत जातो, पाणी एका टोकाला धावते आणि पहिल्याच मोठ्या पावसात बांध फुटतो. उरलेली आखणी त्या मुलाने केली. अशा क्षणी बाजूला होणे कार्यकर्त्याला शिकवावे लागते. ते आपोआप येत नाही, आणि आमच्या प्रशिक्षकालाही ते जड गेले.

तरुण एकदा येऊन पुन्हा येत नसतील, तर प्रबोधन वाढवण्याआधी पैशाचा हिशेब पाहावा. रोजंदारीवर घर चालणाऱ्या मुलाला आपण श्रमदानाला बोलावतो तेव्हा त्या दिवसाची मजुरी त्याच्याकडून देणगी म्हणून घेत असतो. जिथे काम रोजगार हमीत बसते तिथे कामाची लेखी मागणी कशी करावी आणि तारीख घातलेली पोच कशी घ्यावी, हे कार्यकर्त्याला आलेच पाहिजे. श्रमदान मागायचेच असेल तर ते दोन तासांचे, सकाळचे आणि आधी सांगून मागावे.

मुली दिसत नाहीत, ही तक्रार तर प्रत्येक शिबिरात ऐकू येते. पारावर बैठक ठेवली की त्या येणार नाहीत, हे उघड आहे. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरला जातो. त्यामुळे कित्येक मुली वयाआधीच लग्न होऊन तोडीवर जातात आणि कोणत्याही ‘युवा’ यादीत त्यांचे नाव येत नाही. त्यांच्यापर्यंतची वाट आशा सेविका आणि बचत गटातील बायकांकडून जाते, म्हणून कार्यकर्त्यांच्या तुकडीत गावातल्याच दोन-तीन स्त्रिया पहिल्यापासून हव्यात.

शेवटी नोंदींविषयी. फलकासमोर काढलेले छायाचित्र आणि उपस्थितीचा आकडा यांतून कोण गळाले ते कळत नाही. आमच्या नोंदवहीत आता एक जादा रकाना आहे : मागच्या वेळी आलेले कोण आज नाही, आणि त्याच्या घरी कोण जाऊन आले. पहिल्या उन्हाळ्यात त्यातली नावे भरलेली होती. घरी जाऊन आलेल्यांची जागा बहुतेक कोरी होती.