महापालिकेची केस ऑफिसातच हरते: लॉ डिपार्टमेंटवाल्यांनो, या चुका टाळा

महापालिका केस हरली की खापर वकिलाच्या डोक्यावर फुटतं, पण खरा घोळ फाइल फिरण्यातच झालेला असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पॅरावाइज रिमार्क्सची, म्हणजे दाव्यातल्या एकेका परिच्छेदावर संबंधित खात्याने द्यायच्या उत्तराची, वाट बघत बसणं. समन्स आलं, लॉ ऑफिसरने खात्याला पत्र टाकलं, तिकडे इंजिनिअर साहेब साइटवर, मग इलेक्शन ड्युटी, मग बदली, आणि इकडे फाइलवर शेरा काय तर ‘रिमार्क्स अप्राप्त’. कैफियत, म्हणजे दाव्याला कोर्टात द्यायचं लेखी उत्तर, 30 दिवसांत द्यायची, फार तर 90. साध्या दाव्यात त्यानंतरही कोर्ट कधीकधी कॉस्ट, म्हणजे खर्चाची रक्कम, लावून ती घेतं आणि आपल्याला तीच सवय लागते, पण कॉन्ट्रॅक्टरचा बिलाचा दावा कमर्शियल सूट (व्यापारी दावा) म्हणून आला तर समन्स मिळाल्यापासून 120 दिवस झाले की कैफियतीचा हक्कच गेला, 2019 च्या चमणकर निकालात सुप्रीम कोर्टाने हे साफ सांगितलंय. म्हणून पत्र पाठवून गप्प बसू नका, खात्यात जाऊन मूळ फाइलच उचलून आणा.

रिमार्क्स आले तरी काय येतात? ‘परिच्छेद 4 मधील मजकूर मान्य नाही.’ बस्स! का मान्य नाही, पंचनामा कुठे, नोटीस कोणाला बजावली, काहीच नाही. मोघम नकार दिला तर कोर्ट ती गोष्ट कबूल केली असं धरू शकतं. आणि समोरच्याने माहिती अधिकारात तुमच्या नोटिंगच्या, म्हणजे फाइलवरच्या शेऱ्यांच्या, झेरॉक्स कधीच काढलेल्या असतात, त्यामुळे अ‍ॅफिडेव्हिट एक बोलतं नि नोटिंग दुसरंच असं झालं की जज विचारणारच.

दावा आला की समोरच्याने दाव्याआधी महापालिकेला नोटीस दिली होती का, ते आधी बघा. मुंबईत तिथल्या महापालिका कायद्याचं कलम 527, बाकी महापालिकांना 1949 च्या महापालिका कायद्यातलं 487, दोन्हीकडे एक महिन्याची नोटीस लागते. नोटीस नसेल तर हा मुद्दा सुरुवातीलाच घ्या, दोन वर्षांनी आठवला तर तो सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं.

अपिलाला उशीर झाला की ‘फाइल मंजुरीसाठी फिरत होती’ हे कारण 2012 पासून चालतच नाही म्हणा, सुप्रीम कोर्टात पोस्टमास्टर जनरलच्या केसमध्ये 427 दिवसांचा उशीर माफ झाला नव्हता. तरी लोक तोच ड्राफ्ट कॉपी-पेस्ट करतात!

आणि कृपा करून पॅनेलच्या (महापालिकेने नेमलेल्या) वकिलाला फोनवर ‘कोर्टात सांगून टाका, पंधरा दिवसांत करतो’ म्हणू नका. ते स्टेटमेंट ऑर्डरमध्ये उतरतं, सोळाव्या दिवशी काम झालेलं नसतं आणि अवमानाची नोटीस थेट आयुक्तांच्या नावाने येते. आधी खात्याकडून लेखी घ्या, निदान ईमेल तरी.