वैतरणेच्या माथ्यावर अनगड बांध असा घाला

मुंबईला पाणी देणाऱ्या 7 तलावांपैकी ऊर्ध्व वैतरणा आपल्या इगतपुरीकडच्या डोंगरांत आहे. इथलं पाणी खाली मोडकसागरला आणि तिथून मुंबईच्या नळांना जातं. उतारावरची माती सुटली की आमची खाचरं उघडी पडतात आणि धरणात गाळ बसतो. म्हणून शिमगा झाला की आम्ही ओघळींत अनगड बांध, म्हणजे न घडवलेल्या सुट्या दगडांचे आडवे बांध, घालायला घेतो.

सुरुवात माथ्यापासूनच करा. खाली घातलेला बांध वरचा लोंढा एका पावसात उचलून नेतो. वनहद्द असेल तर आधी वनरक्षकाशी बोलून घ्या.

दगड सुटेच वेचा. उतारात रुतलेला दगड उपटलात तर तिथूनच नवी ओघळ फुटते. गोल गोटे घसरतात, कोनाचे दगड एकमेकांना धरतात. बांधाच्या जागी वीतभर पाया खणा, दोन्ही काठांतही हातभर शिरा. नाहीतर पाणी कडेने वाट काढतं. मोठे दगड खालच्या अंगाला, बारीक वरच्या अंगाला आणि फटींत. खालची बाजू पसरट ठेवा, पायथ्याशी चपटे दगड अंथरा, म्हणजे पडणारं पाणी जमीन उकरत नाही. माथा मध्यभागी काठांपेक्षा खोलगट हवा. घाईत हेच राहतं, आणि मग आख्खा बांध जातो. सिमेंट अजिबात नको; पाणी दगडांतून झिरपून पुढे जाऊ दे, माती मागे राहू दे.

पुढचा बांध किती अंतरावर? त्याचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत आला पाहिजे. गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या, दोन माणसांत पातळी लगेच कळते. अगदी उभ्या कड्याखाली मात्र चर खणू नका. आमच्याकडच्या पावसात तिथे पाणी मुरलं की दरड सुटते.

पहिल्या पावसानंतर साठलेल्या मातीत वाळ्याचे ठोंब लावा, कडेला करवंद. मुळं धरली की बांधाला बळ येतं.

आणि राब भाजताना, म्हणजे भाताच्या रोपांची जागा पालापाचोळा जाळून भाजताना, वारा पडलेला बघा, भोवतीचं गवत आधी कापा, आग विझेपर्यंत जागेवर थांबा. वणव्यात गवत गेलं की वळवाच्या एका सरीत माती खाली जाते, मग बांध कितीही नीट घातलेला असो.

मजुरीसाठी ग्रामसभेत ही कामं रोजगार हमीत धरायला लावा. शहराचं पाणी राखणाऱ्या हातांना दाम मिळालाच पाहिजे.