उंदराचं औषध टाकायला सगळे पुढे, मेलेले उंदीर उचलायला कोणीच नाही

सोयाबीन निघाली, ऊसतोड सुरू झाली की फडातले उंदीर थेट शेजारच्या गव्हात न् हरभऱ्यात घुसतात, त्यामुळे आत्ता सगळ्यांचीच उंदराच्या औषधासाठी धावपळ चालू आहे. टाका, पण दरवर्षी मी एकच प्रकार बघतोय, संध्याकाळी बांधावर औषध टाकायचं आणि सकाळी तिकडे कोणी फिरकायचंच नाही. मग दुपारपर्यंत वस्तीवरचं कुत्रं तोंडाला फेस येऊन पडतं, मांजर दोन दिवस दिसत नाही, आणि ह्याच दिवसांत धनगरांचे वाडे रानात बसलेले असतात, त्यांची मेंढरं आणि कुत्री आपल्याच बांधावरून जातात, त्यांना कोण सांगणार इथं विष पडलंय म्हणून?

नेहमीची कामं थोडक्यात:
- पहिल्या दिवशी सगळी बिळं बुजवा, दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील तीच चालू बिळं
- २-३ दिवस नुसती तेल लावलेली भरड ठेवा, चटक लागू द्या
- मग झिंक फॉस्फाईडचं आमिष: ९६० ग्रॅम भरड, २० ग्रॅम गोडेतेल, २० ग्रॅम औषध
- काठीने कालवा, हाताने नाही
- बिळाला १० ग्रॅमची कागदी पुडी, काठीने आत ढकला, तोंड मातीने बंद

झिंक फॉस्फाईड एका हंगामात एकदाच, उंदीर एकदा शहाणा झाला की परत तोंड लावत नाही. उरलेल्यांसाठी आठ-दहा दिवसांनी ब्रोमाडिओलोन, हे हळू मारणारं दुसरं औषध. माझा आपला अंदाज, अमावास्येच्या आसपास आमिष जास्त उठतं, चांदण्यात उंदीर बिळाबाहेर कमी फिरतो.

पुडी बिळातच गेली पाहिजे. बांधावर उघडं टाकलेलं दाणे म्हणून मोर खातो, कोंबड्या खातात. आणि ज्या घमेल्यात औषध कालवलं ते धुतल्यासारखं करून त्यातच म्हशीला भुसा-पेंड ठेवलेली मी बघितलीय, कडेच्या वळणाला काळी भुकटी तशीच चिकटलेली. ते घमेलं कायमचं वेगळं काढा, वर लाल रंगाचा पट्टा मारा.

आता सकाळचं काम. उजाडताच, कुत्री सुटायच्या आधी, पाटी घेऊन बांधाने फिरा. मेलेले उंदीर, उघडी पडलेली पुडी, सांडलेले दाणे सगळं गोळा करून विहीर-ओढ्यापासून लांब खोल खड्ड्यात पुरा, उकिरड्यावर फेकू नका. झिंक फॉस्फाईडला एक सकाळ पुरते असं नाही, दोन-तीन दिवस फिरा, मेलेल्या उंदराच्या पोटात न विरलेलं आमिष असतं. ब्रोमाडिओलोनचा उंदीर तर तीन-चार दिवसांनी मरतो, तोवर सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि मांजराच्या, घुबडाच्या आयताच तावडीत सापडतो, विष त्याच्या काळजात (यकृतात) साठलेलं असतं. म्हणजे तिथं आठवडाभर फिरायचं. गव्हाणी घुबड फुकटात उंदीर मारतं, आपण त्यालाच मारतोय.

दुकानदार काय सांगतो त्याला भुलू नका. "हे जहाल आहे, एका रात्रीत साफ" म्हणत महागडी पेस्ट गळ्यात मारतात, काही जण तर अजून पिठात थिमेट कालवायला सांगतात. थिमेट म्हणजे फोरेट हे कीटकनाशक, त्यावर २०२० च्या अखेरपासून बंदी आहे, त्याने उंदराआधी कुत्री आणि कावळे जातात. बिळात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्याही आपल्यासाठी नाहीत, परवानाधारक माणसाचं काम आहे ते.

कुत्र्याने खाल्लंच तर दूध, तेल, भाकरी काही घालू नका. झिंक फॉस्फाईड पोटातल्या आम्लात गेलं की विषारी वायू सुटतो, पोटात काही घातलं की आम्ल वाढतं आणि वायू जास्त होतो. ओकारीलाही सडक्या मासळीसारखा वास येतो, तो हुंगू नका, गाडीत नेताना सगळ्या काचा खाली. उतारा नाही ह्याला, फक्त वेळेत डॉक्टर, १९६२ ह्या जनावरांच्या दवाखान्याच्या नंबरला फोन लावा आणि औषधाचं पाकीट सोबत ठेवा.

ब्रोमाडिओलोन मात्र फसवं आहे. तीन-पाच दिवस कुत्रं ठणठणीत वाटतं, मग हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त, काळी शी. खाल्लंय हे कळलं की लक्षणांची वाट न बघता डॉक्टरकडे, कारण ह्याला उतारा आहे, व्हिटॅमिन के-वन, पण ते तीन-चार आठवडे चालू ठेवावं लागतं, कुत्रं खायला लागलं म्हणून मधेच बंद करू नका. मेडिकलवाला के-थ्री देईल, ते चालत नाही, चिठ्ठीवर आणि डबीवर दोन्हीकडे के-वन वाचूनच घ्या.