शार्क आणि मशरूमची तुलना करायचीच असेल तर

बहुतेक जण आधी टेबल आखतात, हा पोहतो तो उगवतो, ह्याला दात आहेत त्याला नाहीत, आणि शेवटी हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा प्रश्न एकच धरा. मी वय धरतो, ग्रीनलंड शार्क आणि अमेरिकेत ओरेगॉनच्या मॅल्हूर जंगलातलं हनी मशरूम घेऊन.

पहिलं काम, 'एक जीव' कशाला म्हणायचं ते ठरवा. शार्कला प्रश्नच नाही, एक मासा म्हणजे एक जीव. मशरूमचं घोडं इथेच अडतं, कारण वर दिसणारी छत्री म्हणजे नुसतं फळ, थोड्या दिवसांत कुजणारं, खरा जीव जमिनीत आणि झाडांच्या सालीखाली असतो, बुटाच्या काळ्या लेससारखे दोर मुळांमुळांतून पुढे सरकत राहतात. मॅल्हूरमधला असा एकच जीव जवळपास ९६५ हेक्टरवर पसरलाय. एकच कशावरून? लांबलांबच्या झाडांवरचे नमुने एका डिशमध्ये शेजारी शेजारी वाढवतात, एकाच जीवाचे असले तर एकमेकांत मिसळतात, नाहीतर मधे रेघ पडते. डीएनए पण तपासतात म्हणा.

आता आकडा आला कुठून ते बघा, ही पायरी अजिबात गाळू नका. शार्कच्या डोळ्याच्या भिंगाचा गाभा जन्माआधीच तयार होतो आणि नंतर बदलत नाही, २०१६ च्या अभ्यासात २८ माद्यांच्या भिंगातला रेडिओकार्बन (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, ज्यावरून वयाचा अंदाज येतो) मोजला, त्यातल्या सगळ्यात मोठीचं, म्हणजे पाच मीटरवालीचं, वय आलं ३९२, पण १२० वर्षं इकडेतिकडे धरून. मशरूमचं वय मात्र पसाऱ्याला वाढीच्या वेगाने भागून काढलंय, म्हणून अंदाज १९०० पासून ८६५० वर्षांपर्यंत ताणलेला. असे दोन आकडे एकमेकांनी भागून 'इतक्या पट म्हातारं' लिहिणं म्हणजे शुद्ध फेकाफेकी.

टोकं मात्र खुशाल लावून बघा. शार्कचं वरचं टोक ५१२, मशरूमचं खालचं १९००, तरी मशरूमच पुढे. फक्त 'जीव' ऐवजी 'शरीराचा तुकडा' मोजायला घेतला की पारडं फिरू शकतं, शार्कच्या भिंगाचा गाभा जन्मापासून तोच असतो, मशरूमचे आज सापडणारे दोर तेवढे जुने असतीलच असं नाही.