पीएलजीएची बाटली पावसाळ्यात उघडताना

लस किंवा औषध वाहून नेणाऱ्या, शरीरात विरत जाणाऱ्या कणांवर पीएचडी सुरू करताय, तर पीएलजीए (कण ज्याचे बनतात तो पॉलिमर), पीव्हीए (इमल्शनचे थेंब एकमेकांत मिसळू न देणारा पॉलिमर) वगैरे ठाऊक आहे असं धरतो. डबल इमल्शनची (द्रावकात पाण्याचे थेंब, आणि ते सगळं पुन्हा पाण्यात) कृती अवघड नाही. १०० मिग्रॅ पीएलजीए २ मिली डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवा, त्यात प्रथिनाचं २०० मायक्रोलिटर द्रावण घालून बर्फात ३० सेकंद प्रोब सोनिकेट करा, म्हणजे ध्वनिलहरींनी घुसळा. ते २ टक्के पीव्हीएच्या ८ मिलीत घालून पुन्हा सोनिकेट, मग ०.३ टक्के पीव्हीएच्या ५० मिलीत ओतून ३ तास फ्यूम हूडमध्ये ढवळायचं. भांडी काचेचीच, पॉलिस्टायरिनच्या नळ्या डायक्लोरोमिथेन खाऊन टाकतं. ते ४० अंशांनाच उकळतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये बर्फ कमी पडला तर पहिलंच इमल्शन घट्ट होतं.

खरा घात पीएलजीएच्या बाटलीत होतो. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली जातो त्या दिवसांत कोल्हापुरात भिंतींनाही ओल येते. उणे २० अंशांवरची बाटली काढून लगेच उघडली, की हवेतलं बाष्प थंड पावडरीवर साचतं. डोळ्यांना काही दिसत नाही. पाण्यानं एस्टर बंध तुटतात, तुटलेल्या टोकांना आम्ल तयार होतं, ते आम्ल पुढचे बंध आणखी वेगानं तोडतं. साखळ्या बाटलीतच आखूड होत जातात. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक घटक ५०:५० असलेला आणि आम्ल टोकाचा पीएलजीए असेल तर सर्वांत लवकर. पुढच्या बॅचमधून प्रथिन भराभर बाहेर पडतं आणि आपण महिनोन्‌महिने सोनिकेटरला दोष देत बसतो. फार जीव जातो यात.

म्हणून बाटली आली की कोरड्या नायट्रोजनखाली ५०० मिग्रॅच्या छोट्या काचेच्या व्हायलमध्ये वाटून घ्या. पॅराफिल्म, सोबत सिलिका जेल, वर तारीख. लागेल तेवढी एकच व्हायल काढा, बंदच डेसिकेटरमध्ये तासभर ठेवा, खोलीच्या तापमानाला आली की उघडा. उरलेली पावडर परत फ्रीझरमध्ये टाकू नका, जिवावर आलं तरी. शंका आली तर जीपीसीसाठी (साखळ्यांची लांबी मोजणारं यंत्र) रांगेत थांबू नका: क्लोरोफॉर्ममध्ये ०.१ टक्के द्रावण, २५ अंश, उब्बेलोडे व्हिस्कोमीटर (द्रावणाचा दाटपणा मोजणारी काचेची नळी). दाटपणाचा आकडा बाटलीसोबतच्या प्रमाणपत्रापेक्षा स्पष्ट खाली असेल तर तो लॉट सोडा.

कुणाच्या पेपरातला तयार प्रोटोकॉल उचलून निकाल मिळत नाहीत; त्यात व्हायल कशी उघडली हे लिहिलेलंच नसतं. गाइडच्या नावापेक्षा ज्या सीनिअरच्या वहीत लॉट नंबर आहेत, त्याच्याजवळ बसा.

घाबरू नका, हे हाताला लवकर बसतं. पहिल्या बॅचचे कण फ्रीझ ड्रायरमधून चिकटून आले तर तीन वेळा धुतल्यावर ५ टक्के ट्रेहॅलोज (एक साखर) घालून पाहा. आणि लाईट जाऊन अर्धवट वाळलेला गोळा बसला, तर तो रिलीज स्टडीला (प्रथिन किती वेगानं बाहेर पडतं ते मोजायला) वापरू नका. ती बॅच पुन्हा करा, सोबत प्रथिनाशिवायचे रिकामे कणही.